दिघोरीचा वाळा हवाई बेटांवर

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीत पहिला पाऊस पडून गेला की मोरीच्या कडेला, तुळशीच्या कुंडीखाली एखादा काळसर, चकचकीत जीव वळवळताना हमखास दिसतो. गांडूळ समजून कुणी बाहेर फेकतं, साप म्हणून कुणी चप्पल उगारतं. जरा वाकून पाहा. गांडुळासारख्या वळ्या नाहीत, अंगभर बारीक गुळगुळीत खवले आहेत. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. शेपूट तोंडाइतकीच बोथट, टोकाला एक इवला काटा. हा वाळा. लांबी वीतभर, विष नाही, खाणं मुंग्या आणि वाळवीची अंडी-अळ्या.

माणसाच्या पाठीवर बसून जगात सर्वाधिक पसरलेला साप कोणता, या प्रश्नाचं उत्तर अजगर नव्हे, नाग नव्हे. हा वाळा आहे. मूळचा दक्षिण आशियातला मानला जाणारा हा साप रोपांच्या मातीतून फ्लोरिडा, मेक्सिको, आफ्रिका, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचला. हवाई बेटांवर एकही जमिनीवरचा साप नव्हता आणि आजही बेकायदा साप बाळगणाऱ्याला तिथे दोन लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. वाळा मात्र फिलिपिन्सहून आलेल्या रोपांबरोबर १९३० च्या सुमारास तिथे उतरला आणि स्थायिक झाला. त्याचं गुपित असं, की या जातीत सगळ्या माद्याच. नराची गरजच नाही. एका कुंडीत एक मादी गेली तरी वसाहत उभी राहते.

वाळ्याने कुठे मोठं नुकसान केल्याचं दिसत नाही. म्हणून परका आणि आक्रमक यांत फरक करावा लागतो. पाहुणा येतो, राहतो. तिथली साखळी मोडू लागला की तो आक्रमक. आपला कवड्या साप मॉरिशस आणि रियुनियनला पोचला आहे. कुंपणावर मान हलवणारा आपला साधा सरडा सिंगापूरपर्यंत. परदेशी साप भारतात घुसल्याच्या बातम्या आपण चवीने वाचतो, पण निर्यातीच्या खात्यातही आपली नोंद बरीच आहे.

साखळी मोडणं म्हणजे काय, ते ग्वाम या बेटाला विचारावं. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी मालासोबत तिथे झाडांवर राहणारा एक तपकिरी साप पोचला. आपल्याकडच्या मांजऱ्या सापाचा हा भाऊबंद. बेटावरच्या पाखरांनी असा शत्रू कधी पाहिलाच नव्हता. रानातल्या १२ देशी पक्षीजातींपैकी १० तिथल्या रानातून नाहीशा झाल्या. पाखरं गेली तसे कोळी माजले; शेजारच्या बेटांच्या तुलनेत पावसाळ्यात ४० पटीपर्यंत. अखेर अमेरिकेने मेलेल्या उंदरांत ८० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल भरून ते हेलिकॉप्टरमधून टाकले. तापाची ही गोळी सापाला मारते. युक्ती भन्नाट, पण गेलेली पाखरं तिने परत येत नाहीत.

फ्लोरिडाची गोष्ट तर आपल्या घरचीच. तिथे हौशी लोकांनी पाळलेले ब्रह्मी अजगर सुटले, काही सोडून दिले गेले. २०१२ साली छापून आलेल्या अभ्यासानुसार एव्हरग्लेड्सच्या दलदलीत रकून ९९ टक्क्यांनी घटले होते. पुढे सुमारे ४०० अजगरांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा १३ मध्ये भारतीय अजगराच्या खुणा सापडल्या. नागझिऱ्याच्या रानात असतो, तोच. २०१७ मध्ये तमिळनाडूतल्या इरुळा जमातीच्या दोन साप पकडणाऱ्यांना तिथे बोलावण्यात आलं. कुत्रे आणि यंत्रं थकली होती तिथे या दोघांनी गवतावरच्या खुणा वाचत अजगर हुडकले. त्यांत एक १६ फुटी मादी होती.

आता आयातीकडे. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, केक-बिस्किटांच्या पुड्यांतून ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक निघाले. २०२५ च्या जूनमध्ये थायलंडहून आलेल्या एकाकडे ४७ विषारी साप होते. त्या सापांच्या विषावर उतारा म्हणून भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यातली लस उपयोगाची नाही. ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनते. मला विमानतळावरच्या बातमीपेक्षा हा तपशील जास्त अस्वस्थ करतो.

पण झाडीपट्टीला, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाला, खरी धास्ती सापाची नाही, कासवाची आहे. मत्स्यालयाच्या दुकानात नाण्याएवढं, हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं पिल्लू मिळतं. हे अमेरिकन लाल कानाचं कासव. वास्तू आणि भरभराटीच्या नावाखाली ते घरात येतं, ताटाएवढं होतं, ३० वर्षं जगू शकतं, आणि पाणी रोज घाण करतं. मग घरचे पुण्य म्हणून जवळच्या तळ्यात सोडून मोकळे होतात. जगातल्या १०० घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. मुंबई-पुण्याच्या तलावांत ते दिसू लागलं आहे.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले हे मामा (माजी मालगुजारी) तलाव धानाच्या बांध्यांना पाणी पुरवतात, मासेमारी करणाऱ्या ढिवरांना मासे देतात. इथलं पोटाकडच्या कवचाला मागे झडपा असलेलं देशी कासव उन्हाळ्यात तलाव आटला की चिखलात दडी मारून बसतं. अशा तलावात लाल कानाचं कासव आलं की वनस्पती, बेडूकमासे, मासळीची पिल्लं, उन्हाला बसायचे दगड, सगळ्यांत वाटेकरी वाढतो.

वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परकी प्रजातींची आयात, विक्री आणि पाळणं रोखण्याचा अधिकार केंद्राला दिला. वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेले परदेशी प्राणी पाळणाऱ्याला नोंदणी करावी लागते; त्याचे नियम २०२४ मध्ये आले. दुकानातल्या काचेच्या पेटीपर्यंत हा कायदा कितपत पोचतो, ते शहरातल्या कुठल्याही मत्स्यालयात डोकावलं की कळतं. घरातलं कासव नकोसं झालं असेल, तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फुकट लागतो.