भिंतीवरचे केळे

आमचे अप्पा गणपत गल्लीत फळांची हातगाडी लावतात. डाग पडलेली केळी संध्याकाळी निम्म्या भावात काढावी लागतात, हे मी लहानपणापासून पाहात आलो आहे. त्यामुळे एक केळे १ लाख २० हजार डॉलरला विकले गेल्याचे वाचले, तेव्हा आधी हसू आले आणि मग राग आला.

गोष्ट डिसेंबर २०१९ मधली. अमेरिकेत मायामी बीच येथे ‘आर्ट बासेल’ हा कलेचा मोठा बाजार भरतो. देशोदेशींच्या गॅलऱ्या तेथे आपापली दालने मांडतात. अशाच एका दालनात इटालियन कलावंत मॉरिझियो कातेलान यांचे केळे चिकटपट्टीने भिंतीला चिकटवलेले होते. कृतीचे नाव ‘कॉमेडियन’. एका कलावंताने ते सोलून खाल्ले, तर गॅलरीने दुसरे लावले! शेवटच्या दिवशी गर्दी आवरेना, म्हणून ते काढून घ्यावे लागले.

मग विकले काय? केळे नव्हे, कागद. घेणाऱ्याला प्रमाणपत्र व सूचना मिळतात : केळे जमिनीपासून १७५ सेंटिमीटरवर लावावे, सात ते दहा दिवसांनी बदलावे. मला हे पटेना. पण आपणही गणपतीची मूर्ती दरवर्षी नवी आणतो, विसर्जन करतो, तरी गणपती ‘आमचाच’ राहतो. वस्तू जाते, कल्पना राहते. फरक एवढाच, की येथे कल्पनेची मालकी विकत मिळते. मार्सेल द्युशाँ यांनी १९१७ साली मुतारीचे भांडे प्रदर्शनाला पाठवले, तेव्हापासून हा वाद चालूच आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात या कृतीची एक प्रत ६२ लाख डॉलरला गेली. त्या दिवशीचे केळे जवळच्याच एका गाडीवरून ३५ सेंटला आणले होते. विकणारा बांगला देशातून आलेला एक वृद्ध. किंमत कळल्यावर त्याला रडू कोसळले, असे वृत्तपत्रांत आले.

हे सारे मी अप्पांना सांगितले. केळ्यांवर ओले पोते टाकीत त्यांनी विचारले, “आणि त्या गाडीवाल्याला काय मिळाले?”

तो गाडीचा मालक नव्हता, पगारी माणूस होता. म्हणजे ते ३५ सेंटसुद्धा त्याचे नव्हते. माझा राग अजून गेलेला नाही. पण आता तो त्या केळ्यावर नाही. भाव कोण ठरवतो, हा प्रश्न त्याने निदान भिंतीवर तरी लावला.