संशोधनाची वाट गावातून सुरू होते

सन १९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीच्या बळावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या काळी असे साहाय्य संस्थानिकांच्या औदार्यावर अवलंबून असे. आज ते नियमानुसार मिळते. मात्र त्या नियमांची माहिती वेळेवर पोहोचली पाहिजे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वतीने राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजेच ‘नेट’, वर्षातून दोनदा घेतली जाते. पदव्युत्तर पदवीच्या आधारे ही परीक्षा देणाऱ्यांना त्या पदवीत ५५ टक्के, राखीव प्रवर्गांसाठी ५० टक्के गुण आवश्यक असतात. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी वयोमर्यादा ३० वर्षे असून महिलांना व राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत आहे. १ जानेवारी २०२३ पासून पहिली २ वर्षे दरमहा ३७ हजार रुपये आणि कामाचे मूल्यमापन झाल्यावर पुढे ४२ हजार रुपये देण्यात येतात. असा उमेदवार सहायक प्राध्यापकपदासही पात्र ठरतो.

राज्यात अनुसूचित जातींसाठी ‘बार्टी’, मराठा-कुणबी समाजासाठी ‘सारथी’ आणि इतर मागासवर्गीयांसाठी ‘महाज्योती’ या संस्थाही पीएच.डी. संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात.

गुणवत्ता असूनही माहितीअभावी वय उलटते. कधी नॉन-क्रीमीलेअरचा दाखला मुदतीत हाती नसतो आणि हक्काची सवलत हुकते. शिक्षकांनी पदवीच्या वर्गातच ही माहिती द्यावी, पंचायत सदस्यांनी दाखल्यांची कागदपत्रे जुळविण्यास हातभार लावावा. एवढ्याने शेतमजुराच्या मुलीलाही संशोधनाची वाट खुली होईल.