मर्यादवेल आणि मर्यादारेषा

खानदेशच्या वांट्याला समुद्र आलेला नाहीं. अमळनेरच्या मुलाला वाळू म्हटली म्हणजे बोरी नदीचें वाळवंट आठवतें. संत सखाराम महाराजांची समाधि त्याच वाळवंटांत आहे आणि वैशाखांतील यात्राहि तेथेंच भरते. तरी कोंकणच्या समुद्रकांठाशीं या गांवाचें एक जिव्हाळ्याचें नातें आहे. दापोली तालुक्यांतील पालगड येथें १८९९ सालीं जन्मलेले साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. ‘श्यामची आई’ वाचून ज्या घरांतील मुलांना कोंकण प्रथम भेटलें, त्या घरांतील मंडळी आतां नाताळांत आणि मे महिन्यांत सह्याद्रि ओलांडून दापोलीकडे जातात. मुरुड, कर्दे, हर्णे, आंजर्ले, केळशी हीं नांवें आमच्याकडील मुलांच्याहि तोंडीं रुळलीं आहेत.

अशा प्रवासाहून परतलेल्या वडील माणसांच्या बोलण्यांत एक वाक्य हटकून येतें: “किनारा पूर्वींसारखा राहिला नाहीं.” कोणी गर्दीला दोष देतो, कोणी केरकचऱ्याला. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. परंतु किनारा बदलण्याचें कारण पुष्कळदां पाण्याच्या बाजूस नसून वाळूच्या पाठीमागें असतें. वाळूच्या मागें काय उभें आहे यावर वाळूचें भवितव्य ठरतें. आणि तेथें काय उभें राहावें, हें एका बाजूनें कुऱ्हाड व दुसऱ्या बाजूनें कायदा ठरवीत असतो. या दोहोंचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोंकणांत समुद्रकांठच्या वाळूला ‘पुळण’ म्हणतात. ही पुळण स्थिर नसते. पावसाळ्यांतील उंच लाटा तिचा उतार कापून वाळू समुद्रांत ओढून नेतात. पाऊस सरून समुद्र शांत झाला, म्हणजे लहान लाटा तीच वाळू हळूहळू परत कांठावर आणून टाकतात. कोरडी झालेली वाळू वाऱ्यानें मागें उडते आणि जेथें तिला अडथळा मिळतो तेथें सांचते. अशा रीतीनें भरतीच्या रेषेमागें वाळूची टेकडी उभी राहते. ही टेकडी म्हणजे किनाऱ्याची शिल्लक होय. एखाद्या वर्षीं मोठें वादळ आलें, तर समुद्र या शिलकेंतून उचल करतो आणि शांत ऋतूंत ती बऱ्याच अंशीं फेडतो. टेकडी सपाट केली, किंवा तिच्या जागीं दगडी भिंत घातली, कीं हा व्यवहार बंद पडतो. भिंतीवर आपटलेली लाट मागें फिरतांना पायथ्याची वाळू ओढून नेते. भिंतीमागचें घर कांहीं काळ वांचतें, पण भिंतीपुढची पुळण वर्षानुवर्षें खालावत जाते.

वाऱ्यानें उडणाऱ्या या वाळूला धरून ठेवण्याचें काम प्रथम करते ती एक साधी वेल. आपट्याच्या पानासारखीं दुभंगलेलीं जाड पानें, जांभळट गुलाबी नसराळ्यासारखीं फुलें आणि हातहात लांब पसरणारे ताणे, हें तिचें रूप. ताण्यांना सांध्यासांध्यावर मुळें फुटतात आणि सैल वाळूवर जणूं जाळें विणलें जातें. आपल्या पूर्वजांनीं तिला नांव दिलें ‘मर्यादवेल’. समुद्र आपली मर्यादा ओलांडीत नाहीं, ही कल्पना आपल्या वाङ्मयांत फार जुनी आहे. ती मर्यादा कोठें आहे हें दाखविणारी ही वेल. जेथें ती वाढते तेथवर नेहमींची भरती पोंचत नाहीं, हें कोळ्याच्या पोरालाहि ठाऊक असतें. तिच्या मागें काटेरी गवत, मग केवडा व उंडी, आणि त्याहि मागें माड, असा हा क्रम होता.

जुन्या गांवांची मांडणीहि याच क्रमाला धरून झालेली आहे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपण ज्या मुरुड गांवीं गेलें, तें दापोलीजवळचें मुरुड यासाठीं पाहण्याजोगें आहे. गांवांतून जाणारी वाट, तिच्या बाजूंस घरें, घरामागें नारळीपोफळीचें आगर आणि आगरापलीकडे समुद्र. घराचें तोंड वाटेकडे आणि पाठ समुद्राकडे. समुद्राचें दर्शन घरांतून व्हावें, अशी त्या काळच्या माणसांना हौस नव्हती. खाऱ्या वाऱ्यापासून स्वयंपाकघर आणि गोठा कसा वांचेल, याची चिंता होती. आगर हें त्यांचें उत्पन्न होतें आणि तटबंदीहि होती.

प्रवासी येऊं लागले आणि ही मांडणी उलटी झाली. शहरांतील माणसास खोलीच्या खिडकींतून समुद्र दिसावयास हवा असतो आणि त्यासाठीं तो अधिक भाडें देण्यास तयार असतो. आगराच्या मालकाचा हिशेब आम्हांस समजतो. माडावर चढणारा गडी मिळत नाहीं, वानर कोंवळीं फळें पाडतात, नारळाचा भाव आपल्या हातीं नसतो, मुलें मुंबईस नोकरीला. अशा वेळीं समुद्राकडचे चार माड काढून तेथें दोन खोल्या बांधल्या तर सुटीच्या दिवसांत रोख पैसा येतो. त्याला लोभी म्हणणें सोपें आहे. पण ज्या गांवीं दुसरा धंदा नाहीं तेथें हा मोह कोणालाहि होईल. फक्त एवढेंच कीं, प्रत्येकानें चार माड काढले म्हणजे तटाला गांवभर खिंडारें पडतात, आणि त्याची झळ कोणा एकाला न लागतां सगळ्यांना लागते.

सर्वांच्या हिताचें जें एकट्याच्या हातून होत नाहीं, त्यासाठींच कायदा असतो. १९८१ च्या नोव्हेंबरांत त्या वेळच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं समुद्रकांठच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून पांचशें मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्यास सांगितलें. पुढें १९ फेब्रुवारी १९९१ रोजीं केंद्र सरकारनें किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. ‘सी. आर. झेड.’ या तीन अक्षरांनीं कोंकणांत ती सर्वांस परिचित आहे. पांचशें मीटरांचा पट्टा नियमनाखालीं आला. खेडेगांवांच्या किनाऱ्यावर पहिल्या दोनशें मीटरांत नवें बांधकाम सामान्यतः नको, असें ठरलें. वाळू उपसण्यास आणि शोभेसाठीं वाळूच्या टेकड्या सपाट करण्यास मनाई झाली. २०११ सालीं या नियमांची नवी आवृत्ति निघाली आणि १८ जानेवारी २०१९ रोजीं आणखी एक. या शेवटच्या अधिसूचनेनें, २०११ च्या जनगणनेप्रमाणें ज्या ग्रामीण भागांत दर चौरस किलोमीटरास २१६१ हून अधिक वस्ती आहे तेथें, दोनशें मीटरांची मर्यादा पन्नासावर आणली. पुळणीवर प्रवाशांसाठीं तात्पुरत्या झोंपड्या, स्वच्छतागृहें वगैरे भरतीरेषेपासून दहा मीटर सोडून उभारण्यासहि वाट मोकळी झाली.

पांचशें, दोनशें, पन्नास, दहा. कायद्याची मर्यादारेषा अशी फितीनें मोजलेली असते. फितीवांचून अंमलबजावणी होणें शक्य नाहीं, हें खरें. पण फितीला मर्यादवेल दिसत नाहीं. एखादें घर नियमांत बसणाऱ्या अंतरावर असूनहि त्याच्यापुढील सारी झाडी साफ केलेली असूं शकते. झाडांसाठीं निराळे कायदे आहेत, परंतु त्यांचें लक्ष बहुधा इमारती लांकडाकडे असतें. महाराष्ट्रांत १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. त्याच्या परवानगीच्या यादींत साग, आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ यांचीं नांवें मुळापासून आहेत, खाडीकांठच्या तिवराचेंहि आहे. परंतु पुळणीची पाठराखण करणाऱ्या माडाचें नांव त्या मूळ यादींत नाहीं.

एका शब्दाच्या व्याख्येनें केवढा फरक पडतो, याचें उदाहरण शेजारच्या गोव्यांत घडलें. तेथें १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. २०१६ च्या जानेवारींत त्यांत दुरुस्ति होऊन माडाला वृक्षांच्या व्याख्येंतून वगळण्यांत आलें. माड हा ताडाच्या कुळांतला, त्याला फांद्या नाहींत, तेव्हां तो वृक्षच नव्हे, असा युक्तिवाद झाला. जुने व फळ न देणारे माड काढणें बागाइतदारांना सोपें जावें, असेंहि कारण सांगण्यांत आलें. ज्या प्रदेशाचें चित्र माडावांचून काढतांच येत नाहीं, तेथें माड तोडण्यास परवानगीची गरज उरली नाहीं. लोक खवळले, सभा व मोर्चे झाले. निवडणुकीनंतर २०१७ सालीं नव्या सरकारनें माडाला पुन्हां वृक्षपद बहाल केलें. यांत हंसण्यासारखें पुष्कळ आहे, पण शिकण्यासारखेंहि आहे. लोकांना माडाचें महत्त्व पटलेलें होतें, म्हणूनच कायदा ताळ्यावर आला.

झाड तोडणें वाईट म्हणून कोणतेंहि झाड लावणें चांगलें, असें मात्र समजूं नये. आज कोंकणच्या अनेक किनाऱ्यांवर प्रवाशांना मोहविणारीं सुरूचीं बनें आहेत. सुरू हा येथला नव्हे. ऑस्ट्रेलिया व त्याच्या आसपासच्या बेटांकडून तो आला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर त्याची लागवड १८६८ सालीं कारवारला सुरू झाली, ती जळणाच्या लांकडासाठीं. तो झपाट्यानें वाढतो, वारा अडवितो, सावली देतो. परंतु त्याच्या गळलेल्या सुयांचा थर इतका दाट बसतो कीं, खालीं मर्यादवेल आणि गवत फारसें तग धरीत नाहीं. भरतीरेषेच्या अगदीं जवळ तो लावला तर समुद्रकांसवांची अंडीं घालण्याची जागा जाते. मंडणगड तालुक्यांतील वेळास येथें ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. तेथें २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साहाय्यानें कांसवांच्या घरट्यांचें रक्षण चालविलें. कांसवाची मादी रात्रीं येऊन मोकळ्या वाळूंत खड्डा करते. त्यांतून निघालेलीं पिलें उजेडाच्या दिशेनें चालूं लागतात. समुद्राकडच्या क्षितिजाचा उजेड त्यांनीं ओळखावा, ही निसर्गाची योजना. हॉटेलाचा दिवा अधिक प्रखर असला तर तीं उलट्या वाटेला लागतात.

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक होता. दिवेआगर, श्रीवर्धन आणि दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर माड-पोफळी मोडून पडल्या, सुरूहि उन्मळले. बाणवली माड फळावर येण्यास सहा-सात वर्षें लागतात, आणि त्यानंतर तो दोन-तीन पिढ्यांना पोसतो. आडव्या झालेल्या आगराकडे पाहून त्या मालकाला पुन्हां रोप लावावें कीं खोल्या बांधाव्या, हा प्रश्न पडला असल्यास नवल नाहीं. झाड वाऱ्यानें पडो कीं कुऱ्हाडीनें, त्या जागीं पुढें काय येतें यावर किनाऱ्याचें भवितव्य ठरतें.

परदेशांतहि हा अनुभव नवा नाहीं. डेन्मार्कच्या उत्तर टोकास स्कागेन हें गांव आहे. त्या भागांत झाडतोड आणि चराई होऊन वाळू मोकळी झाली व वाऱ्याबरोबर आंत सरकूं लागली. तेथील देवळाच्या दारापुढील वाळू दर रविवारीं उपसावी लागे; अखेर १७९५ सालीं तें बंद करण्यांत आलें. आज त्याचा मनोरा तेवढा वाळूंतून वर दिसतो, आणि तो पाहण्यास प्रवासी जातात. पुढें त्या देशानें वाळूवर गवत व झाडें लावून ती आवरली. पण देऊळ परत मिळालें नाहीं.

मग आपल्याकडे करावें काय? नियम आहेत, परंतु त्यांची फीत बहुधा तक्रार झाल्यावर बाहेर निघते. दापोलीजवळच्या मुरुडच्या किनाऱ्यावरील बांधकामांवरून २०२१-२२ सालीं तक्रारी, सरकारी आदेश आणि कोर्टकचेऱ्या यांचा जो गाजावाजा झाला, तो वर्तमानपत्रांतून सर्वांनीं वाचलाच आहे. इमारत उभी राहिल्यावर ती पाडावी कीं ठेवावी याचा वाद वर्षानुवर्षें चालतो; तोंवर तोडलेलें झाड कांहीं परत येत नाहीं. उलट, लहान आगरवाल्यास घराची पडवी वाढवावयाची झाली तरी कागदपत्रांसाठीं खेटे घालावे लागतात, ही त्याची तक्रार अगदींच निराधार नाहीं. त्यालाहि उपयोगी पडेल अशी एक गोष्ट २०१९ च्या नियमांत आहे: जुन्या घराचा पाया, बांधणी व दर्शनी भाग न बदलतां स्थानिक लोकांना प्रवाशांची राहण्याची सोय घरींच करतां येते. पाहुणा माडाच्या सावलींत, माजघराशेजारच्या खोलींत उतरेल आणि उत्पन्नहि घरांत येईल. तुटलेल्या माडांच्या जागीं नवीन खोली न बांधतां होणारा हा धंदा आहे. ग्रामपंचायतींनीं या तरतुदीला उत्तेजन द्यावें, आणि पुळणीमागच्या वेलीला, केवड्याला व उंडीला गांवानें आपणहून अभय द्यावें, म्हणजे कायद्याच्या फितीला जें दिसत नाहीं त्याची राखण होईल.

आतां राहिले आपण, घाटावरून आणि खानदेशांतून जाणारे पाहुणे. बाजारांत जें मागितलें जातें तेंच विकलें जातें. “खिडकींतून समुद्र दिसतो ना?” हा आपला पहिला प्रश्न असेल, तर माड कोणाच्या सांगण्यावरून पडले हें आपणांस विचारावयास नको. त्याऐवजीं आगर राखलेलें घर आम्ही निवडूं, दोनचार मिनिटें चालून समुद्रावर जाऊं, पुळणीवर मोटार घालणार नाहीं, मर्यादवेल तुडवणार नाहीं, आणि कांसवांच्या ऋतूंत रात्रीं वाळूवर दिवे पाजळणार नाहीं, एवढा निश्चय प्रत्येक कुटुंबानें केला तरी पुष्कळ होईल. मुलांना किल्ले करावयास वाळू द्यावीच. पण ती वाळू तेथें कोणी धरून ठेवली आहे, हेंहि वेलीजवळ नेऊन त्यांना दाखवावें. पुढील मे महिन्यांत दापोलीकडे जाणाऱ्या मंडळींनीं हें एवढें स्मरणांत ठेवावें, अशी आमची विनंति आहे.