बांधायची काठावर, चालवायची पाण्यात

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांनी होडी बांधताना पाहिली आहे? आमच्या रत्नागिरीच्या मुलांना विचाराल तर निम्मा वर्ग हात वर करील. खाडीकाठी टेकू लावून होडी उभी केलेली असते. सुतारदादा फळ्या बसवतात, सांध्यांत कापूस ठासतात, दिवसभर ठाकठोक चाललेली असते. होडीच्या पोटाखाली पाण्याचा थेंब नसतो, नुसती वाळू. पण सुतारदादांच्या डोळ्यांपुढे असतो तो समुद्रच! तळ किती निमुळता हवा, नाळ किती उंच हवी, हे सगळे ते पाण्याच्या हिशोबाने ठरवतात.

आता म्हणाल, बाई आज होडीवर लिहिणार वाटतं! नाही हं. आज गोष्ट आहे संगणकाची. पण ती मला नीट समजली एका तांडेलाच्या मुलीमुळे, म्हणून सुरुवात होडीपासून केली.

पाऊस मोजायचा होता

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या सातवीच्या वर्गाने ठरवले, की या पावसाळ्यात शाळेचा स्वतःचा पर्जन्यमापक करायचा. रत्नागिरीचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. मध्यरात्री कोसळू लागला तर बाहेर जाऊन मोजणार कोण? म्हणून आपला आपण मोजणारा पर्जन्यमापक हवा होता.

त्याची रचना सोपी आहे. वर एक नरसाळे. खाली सीसॉसारख्या हलणाऱ्या दोन वाट्या. एक वाटी भरली की ती कलंडते, पाणी सांडते आणि दुसरी वाटी नरसाळ्याखाली येते. आमच्या नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर होते आणि वाटी ४ मिलिलिटरला कलंडत होती. म्हणजे एकदा कलंडली की ०.२ मिलिमीटर पाऊस झाला. पाच वेळा कलंडली की १ मिलिमीटर. गणित जमले ना?

वाटी किती वेळा कलंडली हे मोजायला ‘रास्पबेरी पाय झिरो टू’ नावाचा संगणक आणला. केवढा? ६५ मिलिमीटर लांब आणि ३० मिलिमीटर रुंद! पट्टी घेऊन कागदावर आखून पाहा, म्हणजे कळेल. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही, स्मरणशक्तीही बेताचीच. तो पत्र्याच्या पेटीत बसून व्हरांड्याच्या छपरावर राहणार होता. त्यामुळे प्रोग्रॅम लिहायचा शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर आणि तयार झाला की वायफायवरून त्याच्याकडे पाठवायचा, असे ठरले.

मुलांनी सी भाषेत प्रोग्रॅम लिहिला. लॅपटॉपवर चालवून पाहिला. छान चालला! मग मोठ्या ऐटीत तो छपरावरच्या संगणकाकडे पाठवला आणि चालवायची आज्ञा दिली. उत्तर आले, ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. म्हणजे, ‘तुम्ही पाठवलेले मला चालवता येत नाही.’

पुन्हा पाठवला. पुन्हा तेच. मे महिन्याची सुटी तोंडावर आली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस यायचा, तो काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. मुले हिरमुसली. मीही वैतागून म्हटले, “अरे, लॅपटॉपवर चालतो, मग इथे का नाही चालत?”

तेव्हा मागच्या बाकावरून ती मुलगी म्हणाली, “बाई, लॅपटॉपवर केला म्हणून तो लॅपटॉपसाठीच झाला असंल. आमची होडी वाळूत बांधतात, पण वाळूसाठी नाय बांधीत.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. नेमके तेच झाले होते!

एकच आज्ञा, दोन भाषा

आपण लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाच्या मेंदूला, म्हणजे प्रोसेसरला, थेट कळत नाही. त्याला कळतात फक्त आकडे. आपले लिखाण आकड्यांत उतरवण्याचे काम ‘कंपायलर’ नावाचा दुभाष्या करतो. पण सगळ्या प्रोसेसरांची आकड्यांची भाषा एक नसते.

एक उदाहरण पाहू. ‘काम झाले, आता परत जा’ ही अगदी साधी आज्ञा. साध्या लॅपटॉपमधल्या एक्स-८६ घराण्याच्या प्रोसेसरला ती सांगायला एकच आकडा पुरतो: १९५. आमच्या छपरावरचा प्रोसेसर मात्र ‘आर्म’ घराण्यातला. त्याच्या ६४ बिटांच्या भाषेत हीच आज्ञा चार आकड्यांची होते: १९२, ३, ९५, २१४. एक्स-८६ची आज्ञा १ बाइटपासून १५ बाइटांपर्यंत कितीही लांब असू शकते. या आर्मच्या भाषेत प्रत्येक आज्ञा बरोबर ४ बाइटांची. मालवणी माणसाला कोणी तमिळमध्ये पत्ता विचारावा, तशी आमच्या प्रोग्रॅमची गत झाली होती. पत्ता बरोबर होता, भाषा चुकली होती!

मग उपाय काय? लॅपटॉपवर असा दुभाष्या बसवायचा, जो स्वतः राहील एक्स-८६च्या घरात, पण भाषांतर करील आर्मच्या भाषेत. यालाच म्हणतात ‘क्रॉस-कंपायलर’. काठावर बसून पाण्यासाठी होडी बांधणारा सुतार!

आर्मचे घराणे

हे आर्म घराणे आले कुठून, ते ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. त्याची मुळे शाळेतच आहेत.

इंग्लंडमधल्या केंब्रिज गावच्या एकॉर्न कंपनीने ‘बीबीसी मायक्रो’ नावाचा संगणक बनवला होता. तो शाळाशाळांतून गेला. १९८४ साली भारतात सुरू झालेल्या ‘क्लास’ योजनेत आपल्याकडच्या निवडक शाळांनाही हाच संगणक मिळाला होता. पुढे याच कंपनीतल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी नवा प्रोसेसर रचायला घेतला. चिप हातात यायच्या आधीच विल्सनबाईंनी तिची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम बीबीसी मायक्रोवर लिहून आज्ञा तपासून पाहिल्या. इथेही काम काठावरच सुरू झाले, बरं का!

२६ एप्रिल १९८५ रोजी पहिली आर्म चिप आली आणि चालली. ती किती वीज खाते हे पाहायला फर्बर यांनी मीटर लावला, तर काटा शून्यावर! मग लक्षात आले, की चिपला वीज देणारी तार जोडलीच नव्हती. इतर तारांतून येणाऱ्या संदेशांबरोबर झिरपणाऱ्या विजेवरच ती चालली होती. इतकी काटकसरी चिप! म्हणूनच पुढे बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंत तिने घर केले. तुमच्या घरातल्या मोबाइलमध्ये जवळजवळ नक्की आर्मच आहे. आणि तिला दुबळी समजू नका. जून २०२० मध्ये जगात सर्वांत वेगवान ठरलेला जपानचा ‘फुगाकू’ महासंगणकही आर्म घराण्यातलाच.

पवईतला आकाश

आपल्या महाराष्ट्रातही हे काम झाले आहे. ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅबलेट तुमच्या ताईदादांना आठवत असेल. विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या या योजनेचे काम २०१२ साली पवईच्या आयआयटी मुंबईत चालले होते. प्राध्यापक दीपक फाटक त्याचे प्रमुख होते. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’चे उद्घाटन झाले. सात इंचांचा पडदा, ५१२ मेगाबाइट स्मरणशक्ती आणि आत आर्मचा प्रोसेसर.

त्यावर मुळात अँड्रॉइड होते. पण पवईच्या मंडळींनी त्यावर लिनक्सही चालवून दाखवले. मेमरी कार्डावर लिनक्स बसवायचे, ते कार्ड आकाशमध्ये घालून तो सुरू करायचा, की झाला टॅबलेटचा छोटा लिनक्स संगणक! आता विचार करा, लिनक्सचा गाभा म्हणजे लाखो ओळींचा प्रोग्रॅम. तो एवढ्याशा टॅबलेटवर कंपाइल करत बसायचे म्हणजे चमच्याने विहीर उपसणे. असे काम दणकट संगणकावर क्रॉस-कंपायलरनेच करायचे असते. आकाशची योजना आता बंद झाली आहे, पण ही रीत तीच आहे. मोबाइलमधले अँड्रॉइडही मोठ्या लिनक्स संगणकांवर असेच तयार होते आणि मग मोबाइलमध्ये जाते.

करून पाहा

आता आमच्या वर्गाने काय केले ते सांगते. उबुंटू किंवा डेबियन लिनक्स असलेला कोणताही संगणक चालेल. आज्ञा टंकताना इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांतच टंकायच्या. इथे मी उच्चार देते आहे.

१. आधी माप घ्या. दोन्ही संगणकांवर ‘यूनेम -एम’ ही आज्ञा द्या. लॅपटॉप म्हणाला ‘एक्स८६_६४’. छपरावरचा म्हणाला ‘एआर्च६४’. (‘आर्च’च्या आधी आणखी एक ‘ए’ आहे. आमच्यातल्या निम्म्या जणांनी तो गाळला होता!)

२. दुभाष्या बसवा: ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल जीसीसी-एआर्च६४-लिनक्स-ग्नू’. या लांबलचक नावाला घाबरू नका. तो पत्ताच आहे. जीसीसी हे कंपायलरचे नाव, एआर्च६४ हा प्रोसेसर, लिनक्स ही कार्यप्रणाली आणि ग्नू म्हणजे कोणत्या पद्धतीच्या लायब्ररींशी जुळायचे ते. १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी लोकांच्या हाती दिला, तेव्हापासून तो सर्वांना फुकट मिळतो. आमच्यासारख्या शाळेला हे केवढे मोलाचे! जुन्या ३२ बिटांच्या आर्मसाठी दुभाष्या वेगळा असतो, म्हणून तर पहिली पायरी चुकवायची नाही.

३. प्रोग्रॅम कंपाइल करा: ‘एआर्च६४-लिनक्स-ग्नू-जीसीसी पाऊस.सी -ओ पाऊस’. (फाइलचे नावही इंग्रजी लिपीतच ठेवा.) इथे नाव उलटे झाले, पाहिलेत? पत्ता आधी, जीसीसी नंतर.

४. खात्री करा: ‘फाइल पाऊस’ म्हटले, की संगणक सांगेल हा प्रोग्रॅम कोणासाठी आहे. उत्तरात आर्मचे नाव दिसले की टाळ्या!

आता हा प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालणार नाही. होडी वाळूत चालते का? पण ज्यांच्याकडे आर्मचा संगणक नाही, त्यांनी खट्टू होऊ नये. ‘क्यूएमू’ नावाचा फुकट प्रोग्रॅम लॅपटॉपवर आर्मचे सोंग आणतो. त्यात तुमची होडी तरंगते की नाही ते पाहता येते. विल्सनबाईंनी केले तसेच!

शिदोरी

आम्ही प्रोग्रॅम पाठवला. सगळे श्वास रोखून बसले. आणि काय सांगू, पुन्हा चूक! पण या वेळी निरोप वेगळा होता. ‘ग्लिबसी २.३४ सापडली नाही.’

एक मुलगा म्हणाला, “बाई, म्हणजे या वेळी भाषा तरी कळली त्याला!” खरेच होते. तक्रार बदलली म्हणजे आपण एक पाऊल पुढे आलो, हे लक्षात ठेवा. आमच्या तालुक्याला दुसरी दुकाने असतात, तशी प्रत्येक लिनक्समध्ये ‘लायब्ररी’ असते. पडद्यावर लिहिणे, फाइल उघडणे अशी नेहमीची कामे प्रोग्रॅम स्वतः करत नाही, लायब्ररीकडून करून घेतो. लॅपटॉपवर नवी लायब्ररी होती, छपरावर जुनी. आमचा प्रोग्रॅम नव्या लायब्ररीच्या भरवशावर निघाला होता. परगावी गेल्यावर खानावळीत आपल्या आवडीची भाजी मिळेलच असे समजून निघावे आणि खानावळीत ती नसावी, तसे झाले.

यावर आजीचा उपाय काय? घरूनच शिदोरी बांधून द्यायची! तिसऱ्या पायरीतल्या आज्ञेत ‘-स्टॅटिक’ एवढा शब्द वाढवला, की लागणारी लायब्ररी प्रोग्रॅमच्या पोटातच बांधली जाते. गाठोडे जड होते, फाइल बरीच मोठी होते, पण वाटेत उपाशी राहायची भीती नाही. मोठ्या कामात मात्र सगळ्यांनाच शिदोरी देणे परवडत नाही. तेव्हा पलीकडच्या संगणकावरच्या लायब्ररींची नक्कल लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवतात आणि कंपायलरला सांगतात, ‘बाबा रे, जिथे जायचे तिथली खानावळ अशी आहे, तिच्या हिशोबाने कर.’ या फोल्डरला ‘सिसरूट’ म्हणतात.

शिदोरी घेऊन प्रोग्रॅम पुन्हा छपरावर गेला. ती मुलगी तांब्या घेऊन शिडीवर चढली आणि नरसाळ्यात हळूहळू पाणी ओतू लागली. खट्! वाटी कलंडली. लॅपटॉपवर आकडा उमटला: १. पुन्हा खट्. २. सगळा वर्ग ओरडू लागला: तीन, चार, पाच! “बाई, एक मिलिमीटर पाऊस पडला!” आणि बाहेर तर मे महिन्याचे रणरणते ऊन!

खरा पाऊस जूनमध्ये एका रात्री आला. सकाळी मुले शाळेत आली ती दप्तर न ठेवता थेट लॅपटॉपकडे धावली. आम्ही सगळे झोपेत असताना छपरावरचा तो इवलासा संगणक एकटा जागत होता आणि आमच्या मुलांनी काठावर बसून बांधलेला प्रोग्रॅम भर पावसात चालत होता.

मुलांनो, मोबाइल तुम्ही रोज हाताळता. पण त्यात चालणारी प्रत्येक गोष्ट कुणीतरी, कुठेतरी काठावर बसून बांधलेली असते. तो ‘कुणीतरी’ तुम्हीही होऊ शकता. जुना लॅपटॉप पुरतो, पैसा लागत नाही. माप नीट घ्या, शिदोरी विसरू नका. आणि पहिल्यांदा चूक आली तर ती नीट वाचा. ती काय सांगते आहे, हे कदाचित मागच्या बाकावरच्या कुणाला तरी आधी कळलेले असेल!