डेक्कन ओडिसी : आपलाच महाराष्ट्र, पाहुण्यासारखा



तीन आठवड्यांच्या भारतवारीत आपण काय करतो? मुंबई-पुण्याचे नातेवाईक, एखादं लग्न, लक्ष्मी रोडवरची खरेदी. वेरूळ-अजिंठा राहूनच जातं, आणि इथे वाढणारी आपली मुलं ते फक्त फोटोत बघतात.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ आणि भारतीय रेल्वेने २००४ साली 'डेक्कन ओडिसी' ही आलिशान गाडी सुरू केली. कोविडमुळे २०२० मध्ये थांबलेली ही गाडी २०२३ मध्ये पुन्हा धावू लागली. तिच्या ८ दिवसांच्या महाराष्ट्र सहलीत नाशिक, वेरूळ, अजिंठा, कोल्हापूर, गोवा आणि रत्नागिरी होतं. रात्री गाडीत झोपायचं, सकाळी नव्या गावात उठायचं. रोज सामान बांधायची कटकट नाही.

भाडं मात्र माणशी काही हजार डॉलर! तेवढं जमत नसेल तर साधी रेल्वे आहेच. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर, अजिंठा सुमारे १००. लक्षात ठेवा, वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतं.

वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात अखंड कातळातून, वरून खाली कोरत आणलं. आम्ही कॉम्प्युटरवाले दिवसाला दहा चुका 'अन्डू' करतो. तिथे उडालेला दगड परत बसवता येत नव्हता. मुलांना हे तिथे नेऊनच दाखवायला हवं. पुढच्या भारतवारीत तेवढे दोन दिवस काढूया!