नावाआधीचं ‘पै.’

कोल्हापूर-सांगलीकडच्या जुन्या पैलवानांकडे सही मागायला जायचं ते दुपारची झोप झाल्यावर. रिकाम्या हातानं जाऊ नये. खासबाग मैदानातल्या कुस्त्यांचं एखादं पिवळं पडलेलं पोस्टर सोबत असावं, जोडी आणि इनामाचे आकडे छापलेलं. ते पसरलं की वस्ताद सहीचं विसरतात. बोट एकेका जोडीवरून फिरतं. “ह्यो आलाच नव्हता. ह्याच्या जागी ऐनवेळी मला उतरवला.” कागदावर न छापलेली ही गोष्टच मला हवी असते. ती त्यांच्यासमोर वहीत उतरवतो, वाचून दाखवतो, सही त्यानंतर.

फोटोवर बॉलपेन चालत नाही, दाबानं वळ उठतात. बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर बरा. पण चकचकीत फोटोवर ती शाईही लगेच सुकत नाही, म्हणून चहा होईपर्यंत फोटो तसाच उघडा ठेवायचा. बोटं आखडलेली असतात, कान मोडलेले, एकच प्रश्न दोनदा विचारावा लागतो. अनेक जण नावाआधी पैलवानाचं ‘पै.’ लिहितात. पुढची अक्षरं थरथरली तरी ते ‘पै.’ ठसठशीत उमटतं. बाजारात विकत मिळणाऱ्या सुबक सहीपेक्षा मला हे अक्षर मोलाचं वाटतं, कारण ते उमटताना मी पाहिलेलं असतं.

गदा, पदक, मानाचा फेटा मात्र देऊ केला तरी मी घेत नाही. फोटो काढतो, कोरलेला मजकूर उतरवून घेतो आणि वस्तू जागेवर ठेवतो. बलबीरसिंग सीनियर यांची हकीकत ठाऊक झाल्यापासून हा नियम मोडलेला नाही. १९४८, १९५२ आणि १९५६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघांतले ते खेळाडू. १९८५ मध्ये त्यांनी मेलबर्न ऑलिंपिकचा ब्लेझर, ३६ पदकं आणि शंभरावर छायाचित्रं संग्रहालयासाठी भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे सोपवली. ती गहाळ झाली. २०२० मध्ये ते वारले, तोवर ब्लेझर काही परत मिळाला नाही. मला याचा अजून संताप येतो.

त्याच १९५२ च्या हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. त्यांना पाठवायला गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली होती. त्या वर्गणीचा चिटोरा कुणाच्या ट्रंकेत निघाला, तर हातातल्या सगळ्या सह्या बाजूला ठेवून मी आधी तो बघायला जाईन.

तुमच्या घरात कुणी खेळलेलं असेल, तर जुने फोटो लॅमिनेट करू नका. एकदा चिकटलेलं प्लॅस्टिक फोटोला इजा न करता निघत नाही. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं नावं, गाव आणि साल लिहा. सांगणारं माणूस समोर आहे तोवरच लिहा. आणि कुठल्याही संस्थेला काही दिलंत, तर वस्तूंची यादी करून त्यावर सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका.