ॲसिडिटी नव्हे, जंतूही असू शकतो!

घर जबलपूरच्या कांचघर भागातले असो की नागपूर-पुण्यातले, जेवणानंतर पोटात जळजळू लागले की उपाय ठरलेले असतात : थंड दूध, बडीशेप, नाहीतर औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी. 'तिखट खाल्ले असेल' असे निदानही घरातच होते. पण तक्रार वारंवार उद्भवत असेल, तर तिचे मूळ हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूत असू शकते.

ऑस्ट्रेलियातील डॉ. बॅरी मार्शल व डॉ. रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये तो शोधला. मार्शल यांनी १९८४ मध्ये हे जंतू चक्क स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला! २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात हा संसर्ग फार सर्रास आढळतो. लागण बहुधा बालपणीच, घरातल्या घरात होते. बहुतेकांना त्रास होत नाही. म्हणून जंतू सापडला की दुखण्याचे कारण तोच, असे नव्हे. मात्र अल्सर असेल तर त्याचा नायनाट करावाच लागतो. जठराच्या कर्करोगाचा धोकाही त्याने वाढतो.

श्वास, शौच किंवा एंडोस्कोपीद्वारे तपासणी होते. ॲसिडिटीच्या काही गोळ्यांमुळे जंतू असूनही तपासणीत दिसत नाही. तेव्हा चालू औषधे डॉक्टरांना आधी सांगावीत. उपचारात प्रतिजैविके व आम्ल कमी करणारे औषध साधारण १४ दिवस देतात. बरे वाटले म्हणून ते मध्येच सोडू नये. उरलेले जंतू मग औषधाला दाद देत नाहीत.

शौचास काळी होणे, रक्ताची उलटी, विनाकारण वजन घटणे, यांपैकी काहीही दिसले तर मात्र घरगुती उपायांत वेळ दवडू नका.